निखळ दूध

दूध उतू गेलं की माझा हात आधी गॅसच्या बटणाकडे जात नाही, पाण्याच्या भांड्याकडे जातो. चार थेंब शेगडीवर शिंपडायचे आणि मग गॅस बंद करायचा. नवरा म्हणतो, "आधी आग विझव बाई, म्हशीची पूजा नंतर कर." त्याचं बरोबर असतं, म्हणून तर मला जास्त राग येतो. ही सवय मला माझ्या आईनं लावलेली नाही. आमच्याकडे माहेरी पिशवीचं दूध यायचं आणि ते उतू गेलं की आईला फक्त ओटा पुसायचा कंटाळा यायचा. सवय लागली ती शिवडीच्या गोठ्यावरच्या वहिनींमुळे. दूध आगीवर सांडलं की ते देणाऱ्या जनावराच्या कासेला चटका बसतो, असं त्या म्हणतात. यावर माझा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. पण पाणी शिंपडते.

गोठा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गाव येतं. हा गोठा शिवडीत, गोदामांच्या मागच्या बोळात आहे. एका बाजूला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या वखारीची भिंत आणि मध्ये पत्र्याची लांबट शेड. पुढच्या अर्ध्या भागात वहिनी आणि त्यांचे यजमान राहतात, मागच्या अर्ध्या भागात दोन म्हशी आणि एक गाय. म्हशींना थोरली आणि धाकटी म्हणतात, गायीला नुसतं गाय. शहरात असे गोठे ठेवायला परवानगी नाही, हे आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. पण बोळ आडबाजूला, जनावरं मोजकी, शेण रोजच्या रोज उचललेलं, त्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हतं. "अजून कोणी बोट दाखवलं नाय, म्हणून आमी हाओत," असं वहिनींचे यजमान म्हणायचे. ते हसत म्हणायचे, त्यामुळे मीही हसायचे.

लग्न होऊन मी भोईवाड्याच्या चाळीत आले तेव्हा दुधाची किटली घेऊन तिथे जायचं काम नव्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी सासूबाई सोबत होत्या. वहिनीही तेव्हा माझ्यासारख्याच नव्या होत्या. त्यांनी धार काढून आणली, मापानं किटलीत दूध ओतलं, वर मापाबाहेरचं थोडं घातलं आणि मग शेजारच्या तांब्यात बोटं बुडवून पाण्याचे चार थेंब दुधात झटकले. माझ्यादेखत! मी म्हटलं, "अहो, हे काय? पाणी घालताय?" सासूबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलं. बोळाच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी सांगितलं की निखळ दूध घरच्या उंबऱ्याबाहेर, दुसऱ्याच्या घरी द्यायचं नसतं. दृष्ट लागते, कास आटते. म्हणून घरच्या बाईनं चार थेंब पाणी घालायचं आणि मगच द्यायचं. "दुधात पाणी घालणारे लपून घालतात गो," सासूबाई म्हणाल्या, "ती तुझ्या डोळ्यांसमोर घालते."

मला ते पटलं. पुढे सासूबाई गेल्या, मी नोकरीतून निवृत्त झाले, पण सकाळी किटली घेऊन शिवडीला जाणं सुटलं नाही. खरं तर दूध हे निमित्तच झालं होतं. वहिनी मला आत बोलवायच्या, पालथ्या बादलीवर बसवायच्या, चहा द्यायच्या. म्हैस व्याली की पहिल्या चिकाची वाटी आमच्याकडे यायची. चिकाचे पैसे कुणी घेत नाही, आणि ज्या भांड्यातून चीक येतो ते भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. मी त्यात तांदूळ घालून द्यायचे. एकदा मी म्हटलं, "तुमच्या चुलीपर्यंत येते मी. माझ्या किटलीत तरी पाणी कशाला?" वहिनी हसल्या. म्हणाल्या, "तुमी काय परक्या हाव का?" आणि हसता हसताच चार थेंब झटकले. मीही हसले, तिथे विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

मग आमची चाळ पडली आणि तिच्या जागी दोन इमारती उभ्या राहिल्या. एक आम्हा जुन्या भाडेकरूंची आणि दुसरी, उंच, विकत घेणाऱ्यांची. दोन्हींची फाटकं वेगळी, पण बाग एकच. त्या बागेत मला उंच इमारतीतली एक मुलगी भेटली. मुलगी म्हणजे तिशीतली, पोटुशी, गोड. आपल्याला चांगलं दूध मिळत नाही, काचेच्या बाटलीतलं मागवलं तरी त्याला वास येतो, अशी तिची तक्रार होती. मी म्हटलं, चल, तुला दूध दाखवते. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. नवरा आधीच म्हणाला होता, "त्या लोकांना तिकडे नेऊ नकोस. त्यांना म्हैस आवडेल आणि शेण आवडणार नाही." पण मुलीला सगळंच आवडलं. तिनं थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला, तोंडाला पदर लावून हसणाऱ्या वहिनींशी गप्पा मारल्या आणि मोबाइलवर धार काढण्यापासून किटली भरण्यापर्यंत सगळ्याचा व्हिडिओ काढला. रोजचं दूधही लगेच लावून टाकलं. वहिनी आनंदल्या होत्या. आयुष्यात कुणी त्यांचा व्हिडिओ काढला नव्हता.

तो व्हिडिओ मुलीनं दोन्ही इमारतींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, आपल्या इतक्या जवळ इतकं ताजं दूध. दुपारपर्यंत अंगठे आणि फुलं येत राहिली. एकीनं पत्ता विचारला. मी फुशारून गेले होते, हे कबूल केलंच पाहिजे. संध्याकाळी कुणीतरी त्यातलं एक चित्र थांबवून, मोठं करून टाकलं. वहिनींची ओली बोटं, किटलीच्या तोंडावर. बोटांभोवती लाल गोल काढलेला.

पुढचं काय सांगू! कुणी म्हणालं, दिवसाढवळ्या भेसळ. कुणी विचारलं, पाणी कुठलं, उकळलेलं होतं का. आमच्याच जुन्या चाळीतल्या, दोन पिढ्या तेच दूध प्यायलेल्या घरातून कुणी लिहिलं, म्हणजे इतकी वर्षं आपण पाणीच पीत होतो वाटतं. ते वाचून माझं डोकं फिरलं. मी चष्मा लावून भलंमोठं उत्तर लिहिलं. दृष्ट, कास, उंबरा, सासूबाई, सगळं. त्यावर उंच इमारतीतल्या एकानं नम्रपणे लिहिलं, "आंटी, ते ठीक आहे. पण म्हणजे पाणी घालतातच ना?"

घालतातच. मी पुन्हा पुन्हा लिहायला घेतलं आणि पुन्हा पुन्हा पुसलं. ज्या गोष्टीला आम्ही जनावराची कास राखणं म्हणत होतो, तिला दुसरं नाव किती सोप्या शब्दांत देता येत होतं. मग शेवटचं एक वाक्य आलं. कुणी लिहिलं होतं, शहरात गोठा ठेवायला परवानगी आहे का, याची चौकशी करायला हवी. तक्रार करू या.

बोट दाखवलं गेलं होतं.

ती मुलगी रडत माझ्याकडे आली. तिनं व्हिडिओ काढून टाकला होता, पण तो तोवर सगळीकडे फिरला होता. मी तिला आत बसवलं. तिला तिकडे मीच नेलं होतं आणि तिनं वाईट काहीच केलं नव्हतं. तिचं दूध मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. तिच्या सासूनं बंद केलं. आमच्या इमारतीतलीही अर्धी घरं सुटली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तोंड न पोळताच सगळे फुंकर घालायला लागले.

दोन-तीन दिवसांत मी वहिनींकडे गेले ते मनाशी ठरवूनच. थोरली गाभण होती, दिवस भरत आले होते. त्यांचे यजमान तिच्यापुढे कडबा टाकत होते आणि आमच्याकडे पाहत नव्हते. मी म्हटलं, "वहिनी, थोडे दिवस पाणी बंद ठेवा. लोक समोर उभे राहतील, बघतील, गप्प बसतील. एकदा तक्रार गेली की कुणाच्या हातात काही राहणार नाही."

"पाणी नाय घातलं तर जनावराचं काय?" त्या म्हणाल्या.

"जनावराला काही होत नाही हो."

"तुमाला कसं ठाऊक?"

"वहिनी, चार थेंबांपायी गोठा जाईल."

त्यांनी थोरलीच्या कासेवर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "दूध तुमी नेता, ताई. कास तिच्यापाशी ऱ्हातेय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला समजावून सांगितल्यासारखं त्या बोलल्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूनं हात धरून त्यांना हे शिकवलं होतं. त्यांच्या घरून एकदाही निखळ दूध बाहेर गेलं नव्हतं. तेवढ्यात त्यांचे यजमान कडबा टाकायचे थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "ताई सांगतायत ते ऐक. व्याणाऱ्या म्हशीला घेऊन आपण जाणार कुठं?" एवढंच. वहिनींनी तांब्या उचलला आणि आत नेऊन ठेवला.

मी आजही तोच सल्ला देईन. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी एक नवीनच गोष्ट सुरू केली. ती त्यांना कुणी सांगितली नव्हती, मी तर नाहीच. किटलीत दूध ओतायच्या आधी त्या दोन्ही हात पदराला खसाखसा पुसायच्या आणि तळवे उलटसुलट करून समोर उभ्या असलेल्या माणसाला दाखवायच्या. कोरडे आहेत, बघा. मग ओतायच्या. माझ्यासमोरही तसंच. मी म्हटलं, "अहो, मला कशाला?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांना सारखंच बरं." चहा द्यायच्या त्या अजूनही, पण तो आता बाहेर आणून द्यायच्या. बादली आतच राहिली. मला ते दाखवलेले हात बघवायचे नाहीत. मी मुद्दाम धाकटीकडे बघत उभी राहायचे.

उपाय मात्र लागू पडला. ग्रुपवर नवा विषय आला, पार्किंगचा, आणि लोक तिकडे वळले. तक्रार करू म्हणणाऱ्यानं ती केली नाही, किंवा केली असली तरी कुणी आलं नाही. सुटलेल्या घरांपैकी काही परत आली. एकानं काचेची नळी आणली, दुधात सोडून पाहिली आणि दूध उत्तम असल्याचं सगळ्यांना सांगितलं, जणू हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. नवरा म्हणाला, "बघ, तुझ्यामुळे गोठा वाचला." मलाही तसं वाटायला लागलं होतं.

मग थोरली व्याली. रेडी झाली, काळी कुळकुळीत, कानावर पांढरा ठिपका असलेली. वहिनींनी रीत मोडली नाही. पहिल्या चिकाची वाटी आमच्याकडे आली, आणि ती घेऊन वहिनी स्वतः आमच्या नव्या घरी आल्या. पहिल्यांदाच. लिफ्टला घाबरून जिन्यानं चढल्या होत्या. दारातच त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. मी विचारलं, "यात तरी घातलंत ना?" त्यांनी मान हलवली. नाही. "एकदा नाय म्हटलं ना," त्या म्हणाल्या. मी खरवस केला, त्यात गूळ, वेलची घातली. वाटीत तांदूळ भरून परत पाठवले. खरवस छान झाला होता. मला एकच वडी खाववली.

त्यानंतर चार-आठ दिवसांत दगडी झाली. म्हशीची कास सुजून दगडासारखी कडक होते, तिला दगडी म्हणतात. मी सकाळी गेले तेव्हा थोरली मागचे पाय फाकवून उभी होती आणि रेडीला जवळ येऊ देत नव्हती. वहिनी तिची कास शेकत होत्या. पिळलेल्या सडातून दुधाऐवजी गाठी आल्या होत्या, त्यात लाली होती. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. त्यांनी सांगितलं की व्याल्यानंतर हे पुष्कळ जनावरांना होतं. जमीन ओली राहते, सडाच्या तोंडातून जंतू आत जातात. इतकं साधं कारण. मी ते ऐकलं आणि मला एवढं हायसं वाटलं की मीच ते पुन्हा वहिनींना सांगायला लागले. "बघा, जंतूंमुळे होतं. ओलीमुळे. बाकी कशामुळे नाही."

वहिनींनी मान वर केली नाही. "डॉक्टर बरोबरच बोलतायत," त्या म्हणाल्या. "माझं कुटं काय म्हणणं हाय?"

त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं. तुमचं ऐकलं म्हणून असं झालं, असं तोंडावर म्हणायला हवं होतं. मग मीही काहीतरी बोलले असते, जंतू, औषधं, विज्ञान, सगळं तोंडावर फेकलं असतं आणि मोकळी झाले असते. पण त्या शेकत राहिल्या आणि मी किटली धरून उभी राहिले. त्या दिवशी रिकाम्या किटलीनं घरी आले. येताना पिशवीचं दूध आणलं.

थोरली जगली, पण तिचा एक सड गेला. तीन सडांची म्हैस दूध कमी देते. तशी म्हैस विकायला काढली तर ती कोण घेतं आणि कुठे नेतं, हे सगळ्यांना माहीत असतं. वहिनींचे यजमान एक-दोनदा तसं बोलले. वहिनी उठून आत निघून गेल्या. अजून तरी थोरली खुंट्याला आहे. मी रोज बोळात वळले की आधी ती दिसते का पाहते आणि मगच पुढे पाऊल टाकते. कधीतरी ती दिसणार नाही, ही धास्ती आता माझ्या सकाळीला चिकटलीय. मला कुणी दोष दिलेला नाही. नवरा तर म्हणतो, "तुझा काय संबंध?" त्याचं नेहमीप्रमाणे बरोबर असेल.

परवा मी गेले तेव्हा दुसरं गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पाऊस पडून गेला होता, गॅरेज बंद होतं, बोळात चिटपाखरू नव्हतं. वहिनींनी थोरलीची धार काढून आणली. हात पदराला पुसले आणि तळवे मला दाखवले. उलट, सुलट. कुणीही बघत नसताना. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "वहिनी, पाणी घाला."

"आता कशाला?"

"घाला हो. कोण बघतंय?"

"बगत नाय कोन, ते ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पण मी सोडलं ते सोडलं. लोकांसमोर एक नि मागं एक, ते नाय जमायचं." आणि त्यांनी दूध ओतलं, वरचं थोडं घातलं, किटली माझ्यापुढे सरकवली.

मग मी जे केलं ते मी आधी ठरवलं नव्हतं. मी चपला काढल्या, उंबरा ओलांडून आत गेले. तांब्या चुलीजवळ होता, अजूनही घासूनपुसून ठेवलेला. मी त्यात पाणी घेतलं, बोटं बुडवली आणि माझ्या किटलीत चार थेंब झटकले. वहिनी बघत होत्या. रडायला आल्यासारखा माझा चेहरा झाला असावा, कारण त्या जवळ आल्या आणि त्यांनी माझा ओला हात आपल्या पदरानं पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा.

"तुमच्या हातानं नाय हो ते लागत, ताई," त्या म्हणाल्या. "घरच्या बाईनंच घालायचं असतं. तुमी घातलं ते नुसतं पाणी झालं."

मी किटलीला झाकण लावलं आणि निघाले. इतक्या वर्षांत त्या गोठ्यावरून पहिल्यांदाच मी पाणी घातलेलं दूध घरी आणलं.